बाबांना दिसतात तेवढी अक्षरं

प्रिय धाकटे,

'प्रिय' लिहिलं ते पत्राची सुरुवात तशी करतात म्हणून. त्यावरून काही समजून घेऊ नकोस. कागदही पाठकोरा आहे, तुझ्यासाठी नवा फाडला नाही. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, आणि रागावलेली मी असून शेवटी समजूत मीच तुझी काढत बसते. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

तुझा लेख मी वाचला, अगदी शेवटपर्यंत. आत वावगं काही नाही. बाबांची साखर वाढल्यापासून मी त्यांना भात मोजून वाढते, साखरेचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवते, त्यांना वाईट वाटू नये म्हणून मीही गोड सोडलं, हे सगळं तू नीट लिहिलंस. गोड सोडल्याचं वाचून माझे डोळेसुद्धा भरले. देवाच्या समोर बसून लिहितेय, खोटं कशाला सांगू. पण डोक्यावर काय लिहिलंस? 'म्हाताऱ्या बापाला ती घास मोजून घालते! कारण कळलं तर…' लेखात मी ताई होते. वरती 'ती' झाले. आणि ती तीन टिंबं! त्या टिंबांत ज्याला जे सुचेल ते त्याने भरलं. कुणी मला कैदाशीण केलं, कुणी बापाच्या पेन्शनीवर जगणारी.

आत वाचा ना, असं तू म्हणतेस. अगं, दारावर 'इथे चोर राहतो' अशी पाटी लावायची आणि वर म्हणायचं, आत या, माणसं फार चांगली आहेत. कोण येतंय आत? किराणा दुकानदाराने परवा माझ्या पिशवीत बिस्किटाचा पुडा टाकला. आजोबांसाठी, पैसे राहू द्या म्हणाला. मी, जी उरलेल्या सुट्ट्या पैशांऐवजी कधी गोळीसुद्धा घेत नाही! पुडा परत त्याच्या काट्यावर ठेवला तर मागची बाई कुजबुजली, बघा, फुकटचंही देत नाही बापाला. त्या दोघांपैकी एकानेही लेख वाचला नव्हता. बिस्कीट बाबांना विष आहे हे तू आत लिहिलं आहेस, चांगलं ठळक लिहिलं आहेस. पण आत.

मागच्या खेपेला तू स्वयंपाकघरात बसून हा तुझा धंदा मला समजावून सांगत होतीस, आठवतं? मथळ्यात सगळं सांगून टाकायचं नाही, वाचणाऱ्याला खाज सुटली पाहिजे आणि ती खाजवायला त्याने आत आलं पाहिजे. मग आपण खेळत बसलो. 'गृहिणीने फ्रीज उघडला आणि समोर जे दिसलं…' मी विचारलं, काय दिसलं? तू म्हणालीस, कालचा भात! बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मी पाठ चोळली. तेव्हा मला तुझं कौतुक वाटलं होतं. पुढचा भात माझ्याच घरचा शिजणार आहे हे कुठे ठाऊक होतं!

आता त्या दोन मथळ्यांचं. तुमच्याकडे म्हणे एका लेखाला दोन मथळे लावून बघतात. निम्म्या लोकांना एक दिसतो, निम्म्यांना दुसरा, आणि ज्याच्यावर जास्त बोटं पडतात तो ठेवतात. पहिला तू लावला होतास 'बाबांचं ताट आणि माझी ताई'. तो पडला. मी नाही गं ठरवलं, लोकांनी ठरवलं, असं म्हणून तू फोनवर रडलीस. लोकांनी निवडला असेल. पण लिहिले दोन्ही तूच ना? लोक काही तुझा हात धरून बसले नव्हते. लोकांचा मला राग नाही, लोक कुणाचे झालेत? मी जपाला बसते, माळ ओढते, आणि मनात एकच फिरत राहतं: तो दुसरा तुला सुचला तरी कसा? आईमागे तुझ्या वेण्या घातल्या, तुझ्या वह्यांना कव्हरं घालून त्यावर तुझं नाव घोटून लिहिलं, त्या माझ्याबद्दल तुला तो सुचला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. खूप गिळलंय आजवर. पण मी देवळात गेले असताना शेजारीण बाबांकडे आली. आजोबा, धाकटीने तुमच्यावर लिहिलंय बघा, म्हणून तिने फोन त्यांच्यापुढे धरला. बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही. पेपरातही ते वरचे ठळक मथळे वाचतात आणि बाकीचं मी वाचून दाखवते. त्यांनी तुझा मथळा स्वतः वाचला, मोठ्याने. खालचं वाचायला शेजारणीला वेळ नव्हता, तिचं दूध गॅसवर होतं. संध्याकाळी मी ताट वाढलं तर ते माझ्याकडे बघून म्हणाले, मोजलंस का गं? आणि अर्धा भात बाजूला सारला. मीच खाल्लं तर तुला काय पुरणार, म्हणाले. तेव्हापासून रोज तेच. डॉक्टर म्हणतात, गोळ्या चालू आणि पोटात अन्न नाही, असं फार दिवस चालणार नाही, चक्कर येऊन पडतील.

तुझा लेख मी त्यांना वाचून दाखवला नसेल असं वाटतं तुला? पहिल्या ओळीपासून वाचला. त्यांनी सगळा ऐकून घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, हे तू तुझ्या मनाचं वाचतेस पोरी, मला बरं वाटावं म्हणून. धाकटीने काय लिहिलंय ते मी बघितलंय. आता सांग, मी काय करू? माझ्या तोंडचं त्यांना खरं वाटत नाही आणि तुझं खरं त्यांना दिसत नाही. म्हणून हे पत्र; नाहीतर तुझ्याशी बोलायची माझी इच्छा नव्हती, अजूनही नाही. तिकडचा मथळा बदल की नको, ते तू आणि तुझे लोक बघून घ्या. इथे एक कागद पाठव. तुझ्या हाताने लिहिलेला, तुझं अक्षर ते ओळखतात. लांबलचक नको, एक ओळ, पण अशी की वाचून बाबा ताट पुढे ओढतील. अक्षर मोठं काढ. टिंबं नकोत. आणि दोन लिहून बघू नकोस. इथे वाचणारा एकच आहे.

तुझीच (हेही सवयीनेच लिहिलं),
ताई