तक्त्यावरची शेवटची ओळ

बाबा, चाळिशी उलटली माझी. आयटीवाल्यांना हिंजवडीला ने-आण करणारी गाडी चालवतो सध्या; सध्या म्हणजे तीन वर्षं, माझ्या मानाने विक्रमच. काल ड्रायव्हरांची तपासणी होती. भिंतीवर अक्षरांचा तक्ता दिसला आणि तुम्हीच समोर आलात.

खडकीच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही पिठाच्या डब्याकडे बघत पाठ म्हणताय, "र, ग, न, प, च." फॅक्टरीत डोळ्यांची वार्षिक तपासणी आली की तुमच्या मशीन शॉपमधले सगळे जुने लोक हेच करायचे. नजर कमी निघाली की लेथवरून उचलून स्टोअरच्या बाकावर. आई म्हणाली, "अहो, शाळेत एवढं पाठांतर केलं असतंत तर साहेब झाला असतात." तुम्ही म्हणालात, "साहेबालाही दिसत नाहीच." पोटदुखीचं सोंग करून फॅक्टरीच्या दवाखान्यातून तो तक्ता कागदावर उतरवून आणला होता मी, कॉलेज सोडून गावभर हुंदडणाऱ्या तुमच्या चिरंजीवाने. तुमची एकमेव शाबासकी त्या कागदाला मिळाली.

खंडेनवमीला मशीनच्या पूजेला घरच्यांना आत सोडायचे. मी प्रसादाच्या पेढ्यांमागे होतो, खरं सांगतो. तेवढ्यात तुम्ही लेथवर कातलेला एक लोखंडी तुकडा उचललात, बोटाच्या पेराने फिरवलात, म्हणालात, "केसभर जास्त आहे." शेजारच्यांनी मापाचं गेज लावलं. तुकडा आत जाईना! पन्नाशीत डोळे थकले तर बोटांनी त्यांचं काम उचललं होतं. माणसाचं शरीर असं करू शकतं, हे मला अजून खरं वाटत नाही.

आणि तेच शरीर तहान, थकवा, अंधुक नजर दाखवून हाका मारत होतं. पायाची जखम भरेना तेव्हा डॉक्टर म्हणाले, "साखर बरीच जुनी आहे. डोळे नीट तपासले असते तर तेव्हाच कळलं असतं." मी खाली मान घातली. तुम्ही खाटेवरून म्हणालात, "तक्ता बरोबर होता रे तुझा. एकही चूक नव्हती." टोमणा होता की माया, ते विचारायला तुम्ही उरला नाहीत.

काल तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "काका, शेवटची ओळ वाचा." तक्ता तोच. ओळ सगळी धुक्यात, पण मला पाठ. "र, ग," म्हणालो आणि थांबलो. "मॅडम, दिसत नाही. साखरही बघा."

निघाली. सुरुवात आहे म्हणाल्या, आटोक्यात राहील.

हा कागद गाडीच्या कप्प्यात ठेवतोय, दुसरीकडे कुठे टाकणार? आणि हो, नवा चष्मा खिशातच आहे. हे सगळं हात लांब करूनच लिहिलंय.