सही कुठं झाली

प्रिय डेल्मर,

शनिवारी पेकनचा केक घेऊन आलास, भावाजवळ तासभर बसलास. तेवीस वर्षांत तू या घरी रिकाम्या हातानं आलास नि भरल्या हातानं गेलास, म्हणून केक पाहूनच मला शंका आली. खरं सांगते, तो मी अजून कापलेला नाही. निघताना दारात सहज विचारल्यासारखं केलंस, "वहिनी, क्लेटनच्या कराराची प्रत घरात आहे का गं कुठं?" तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय.

कझाकस्तानातल्या तेलविहिरीवर क्लेटनच्या पायावर पाइप पडला, त्याला सात महिने झाले. कंपनीचा वकील म्हणतो, "बाई, अपघात तिकडं झाला, कायदाही तिकडचाच. ओक्लाहोमाचा काय संबंध?" मी म्हटलं, "माणूस इथला, कामावर घेतला इथं, आणि मोडून आणून टाकलात तोही इथंच, माझ्या बैठकीत." त्यावर तो नुसता गोड हसला. आमची वकील म्हणते, सगळं एकाच गोष्टीवर अडलंय. करारावर सही ओक्लाहोमात झाली असेल तर इथला कायदा लागू होईल, नाहीतर भरपाई नाही, आणि क्लेटनचं पुढचं ऑपरेशन विसरायचं. काल तिनं मला तुझा जबाब दाखवला. त्याला कंपनीत चिकटवलंस तू, कागद घरी आणलास तू, आणि शपथेवर सांगतोस की सही त्यानं तिकडं पोचल्यावर केली. तुला बढती मिळतेय म्हणे. मला तुझी लाज वाटली, डेल्मर.

त्या दिवशी तू कागद आमच्या पायरीवर ठेवलास आणि फोनवर बोलत रस्त्यापर्यंत गेलास. क्लेटन ट्रकखाली आडवा होता, कोपरापर्यंत ग्रीस. "ओपल, तूच कर गं माझी सही, तुझं अक्षर बरं आहे," म्हणाला. मी केली. परत येऊन तू सही झालेला कागद घेऊन गेलास; सही कुणी केली ते आम्ही तुला सांगितलं नाही. ती सही माझ्या हातची आहे, आणि मी जन्मात पासपोर्टसुद्धा काढलेला नाही. मंगळवारी न्यायाधीशांपुढे मी हे सांगणार, मग माझं काय व्हायचं ते होवो. पण खोट्या शपथेपायी तुला तुरुंगात जाताना बघायची मला हौस नाही, म्हणून हे पत्र. सोमवारी जा आणि जबाब बदल. क्लेटनला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तो येईल त्याला अजून सांगतोय, "काळजी नाही, माझा भाऊ साक्षीला आहे."

तुझीच,
ओपल वहिनी