पुलापलीकडचं झाड

प्रिय चिनात्सु,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. मी ओसरीवर घेवडा सोलत बसले होते. तुझं अक्षर दिसलं आणि हात न धुताच पाकीट फोडलं, म्हणून तुझ्या पहिल्या पानावर माझी मातीची बोटं उमटली आहेत. तू दोनच गोष्टी विचारल्या आहेस. मोरिताशी लग्न करू का, आणि केल्यावरही तुम्हाला आई म्हटलेलं चालेल का. एका ओळीत उत्तर देता आलं असतं, पण तुझी सासू एका ओळीत कधी थांबली आहे का? तेव्हा चहा करून घे आणि निवांत बस. उत्तर देण्याआधी मला तुझ्यापाशी एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती तोंडाशी यायला वेळ लागणार आहे.

आधी घरचं सांगते. भात पिवळं झालंय, पुढच्या आठवड्यात कापणी. शेत आता शेजारच्या योशिनोचा जावई करतो. मी बांधावर उभी राहून त्याच्या चुका काढते आणि तो बिचारा हो हो म्हणतो. मका काढायच्या आदल्याच दिवशी अस्वल येऊन भरलेली सगळी कणसं सोलून खाऊन गेलं. एकही कच्चं कणीस तोडलं नाही त्यानं, इतकी पारख मला स्वतःला नाही. मुळ्याचे यंदा दोनच वाफे केलेत. तू होतीस तेव्हा सहा असायचे, आठवतंय? चुलीवरच्या आढ्याला आपण दोघी मुळ्यांच्या माळा बांधायचो, खाली चेरीची लाकडं धुमसत ठेवायचो, आणि तू खोकत खोकत डोळे पुसायचीस. मग कोंड्या-मिठात दाबलेला तो धुरकट मुळा हिवाळाभर पुरायचा. आता दोन वाफ्यांतलाही उरतो. एकटीनं खाल्ला की दातांचा करकर आवाज घरभर ऐकू येतो. मला तो आवाज अजिबात आवडत नाही.

तू पहिल्यांदा या घरी जेवलीस तो दिवस मी विसरलेले नाही. सेंदाईची मुलगी, पांढरे मोजे, नखं रंगवलेली. तुझे सासरे आदल्याच दिवशी डोंगरातून उतरले होते. शिकार्‍यांनी अस्वल मारलं होतं आणि रीतीप्रमाणे गोळी कुणाचीही असो, सगळ्यांना सारखा वाटा मिळाला होता. मी त्याचा मुळा आणि घरचा आंबवलेला मिसो घालून रस्सा केला. खरं सांगू? मुद्दाम केला. म्हटलं, बघू या बाईसाहेबांचं नाक कुठे जातं. तू वाटी रिकामी केलीस, घाम पुसलास आणि वाटी पुढे केलीस. रात्री इवाओ मला म्हणाले, "पोरगी मागून खाते. राहील ही." मी म्हटलं, बघू. चाळीस वर्षं ते शिकारीला जात होते, अस्वल कुठल्या ढोलीत झोपलंय हे त्यांना बर्फावरून कळायचं, आणि माणसांचंही त्यांना माझ्याआधी कळायचं. ते गेले त्या शरद ऋतूत त्यांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला तूच माझ्याबरोबर आलीस. बाहेर पडल्यावर मला बाकावर बसवून तू पिशवीतून भाताचा गोळा काढून माझ्या हातात ठेवलास. आत खारवलेला आंबट आलुबुखार होता. मी रडले नाही, मी तो गोळा खाल्ला.

माझ्या लेकाचं, शुगोचं, मी कमीच लिहीन. छपरावरचा बर्फ काढायला तो चढला आणि पडून गेला, त्या सकाळी मीच त्याला हाक मारून उठवलं होतं. तूही त्याला म्हणाली होतीस की जेवून चढ. आपण दोघींनी एकमेकींना कधी दोष दिला नाही, ही एवढी एक गोष्ट आपल्या हातून नीट झाली. त्यानंतर तू जायला मोकळी होतीस. मूलबाळ नव्हतं, माहेरून फोन येत होते. तरी तू दोन वर्षं राहिलीस. वाफे खणलेस, सोयाबीन शिजवून मिसो घातलास, माझा गुडघा शेकलास. आणि मी तुला काय दिलं ते आता सांगते.

नाचरी अळंबी ज्या ओकच्या बुंध्याशी उगवते, ते झाड आपल्याकडे कुणी कुणाला सांगत नाही. आई लेकीला सांगत नाही, नवरा बायकोला सांगत नाही. सापडलं की माणूस आनंदानं नाचतो म्हणून ती नाचरी, पण नाचायचं ते एकट्यानं. माझी आई तिचं झाड न सांगताच गेली. माझं मी लग्नानंतर नवव्या वर्षी शोधलं. इवाओंना डोंगराचा दगड न् दगड ठाऊक होता, पण माझं झाड ते कधी शोधायला गेले नाहीत आणि मीही सांगितलं नाही. टोपली भरून आणायची, हातानं फाडायची, सुरी लावायची नाही, कोंबडीच्या रश्श्यात सोडायची, मग काडीवर थापून शेकलेला भात, वर मुळांसकट हिरवी भाजी. पहिली वाफ आली की ते डोळे मिटायचे. आमचं त्यावर भागत होतं.

लग्नानंतरच्या तिसर्‍या शरदात तू मला म्हणालीस, आई, मला नेता का? मी हो म्हटलं. तुला अडीच तास बांबूच्या जाळीतून फिरवलं, दोनदा एकच ओढा ओलांडायला लावला, आणि कड्याखालच्या एका वठलेल्या ओकपाशी नेऊन उभं केलं. म्हटलं, हेच ते झाड, यंदा काही धरलेलं दिसत नाही. तू त्या झाडाला वाकून नमस्कार केलास. मला घरी येताना हसू येत होतं, हेही लिहून टाकते. वाटलं, शहरातली आहे, आज ना उद्या जाईल, आणि माझं झाड बरोबर घेऊन जाईल.

मला वाटलं तू विसरशील. तू दर वर्षी गेलीस. कमरेला अस्वलं दूर ठेवणारी घंटी बांधून, पाठीवर टोपली घेऊन, एकटी. बुंध्याशी साचलेला पाला काढायचीस, वाढलेली जाळी कापायचीस. संध्याकाळी रिकामी टोपली दारात उतरवून सांगायचीस, आई, यंदाही नाही. आणि मी चुलीपाशी बसून माझ्या खर्‍या झाडाची अळंबी तुझ्या हातात द्यायचे, इकडेतिकडे मिळाली म्हणून, आणि तू ती फाडायला बसायचीस. सहा वर्षं, चिनात्सु. शुगो गेल्यावरही तू दोनदा गेलीस. त्यातल्या दुसर्‍या वेळी हातभर ओरखडे घेऊन आलीस आणि टोपली न उतरवताच उभी राहिलीस. "आई, ते झाड मला धरत नाही," म्हणालीस. "मी या घरची नाही, हे त्याला कळलं असेल."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण इतक्या वर्षांचं खोटं एकदम कसं काढायचं, या भीतीनं मी म्हटलं, आंघोळ करून घे, पाणी तापलंय. बर्फ पडायच्या आत तू सेंदाईला निघून गेलीस. स्टेशनवर तू मला वाकून निरोप दिलास आणि मी तुझ्या पिशवीत मुळे कोंबत होते, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. त्या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. तुझी आठवण येते, असं साधं वाक्यही मला लिहिता आलं नाही. आज लिहिते. तुझी फार आठवण येते. वाफ्यात येते, चुलीशी येते, दोन माणसांचे तांदूळ चुकून धुतले जातात तेव्हा तर येतेच. मी तुझ्याशी वाईट वागले. मला माफ कर, आणि लगेच जमलं नाही तर सावकाश कर.

काल मी दोन काठ्या घेऊन डोंगरावर गेले. पूर्वी तासाभराची वाट, काल चार तास लागले, उतरताना दोनदा बसून घसरावं लागलं. पुढच्या वर्षी मला ते जमणार नाही, आणि त्याचं मी वाईट वाटून घेत नाही. झाडानं धरलंय. बुंध्याच्या उत्तरेला, मुठीएवढं, काळसर. दहा दिवसांत टोपलीएवढं होईल. मी हात लावला नाही. आता नीट वाच. देवळामागचा लाकडी पूल ओलांड आणि लगेच वाट सोड. ओढा डाव्या हाताला ठेवून वर जा, दुभंगलेला खडक लागेल. तिथून चढाच्या दिशेनं तिसरा मोठा ओक, दोघींनी कवेत घेतला तरी हात पुरणार नाहीत असा. सगळं काढू नकोस, मुळाशी थोडं ठेव. लग्न कर, चिनात्सु, मनापासून कर. मोरितालाही घेऊन ये, मला त्याला रस्सा वाढून बघायचं आहे. पण त्याला पुलावरच बसव. इवाओंना मी जन्मभर पुलापुढे नेलं नाही आणि आमचा संसार काही वाईट झाला नाही. हे झाड मी माझ्या पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं.

तुझीच,
आई