साठ पुस्तकांवरचा शिक्का

ता. ३ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. वाचल्यावर तू मला बोलणार, आणि उभ्याने बोललीस की तुझी कंबर धरते.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक प्रदर्शन भरवायचं तीन वर्षं माझ्या मनात होतं. यंदा मोठ्या बाईंनी होकार दिला, पण काही घोटाळा झाला तर हे पहिलं आणि शेवटचं, असं बजावून. दुकानदार दोनशे पुस्तकं ठेवून गेला. न खपलेली कोरी करकरीत परत हवीत, असं तो दोनदा म्हणाला आणि मी दोनदा मान डोलावली.

काल खोके उघडले, नव्या कागदाचा वास आला आणि हात आपोआप शिक्क्याकडे गेला. ही विकायची ना, असं शिपाईकाकूंनी विचारलं, तोवर साठ पुस्तकांच्या पहिल्या पानावर शाळेचा शिक्का बसला होता. जांभळा, गोल, सुबक. असं पुस्तक घरी नेलं तर चोरीचं वाटेल, मग विकत कोण घेणार? प्रदर्शन तेरा तारखेला आहे. मोठ्या बाईंना अजून सांगितलेलं नाही. जीव टांगणीला लागलाय.

उत्तराची वाट पाहते. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी ठकू

ता. ६ डिसेंबर

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इतकी हसले की कंबर बसूनही धरली. तीस वर्षं मी ग्रंथपाल होते, पण विकायच्या मालावर शिक्का मारण्याचा पराक्रम मला जमला नाही. गुरूपेक्षा शिष्य सवाई. नवं पुस्तक दिसलं की आधी शिक्का, मग चहा, हे मीच तुझ्या डोक्यात भरवलं, तेव्हा अर्धं पाप माझ्या माथी.

मोठ्या बाईंना आजच सांग. झाकली मूठ दर वेळी सव्वा लाखाची नसते. आणि खोडरबर घेऊन बसू नकोस, पानं फाटतील. शिक्का पुसता येत नाही ना, मग खरा कर. ती साठ पुस्तकं वेगळ्या टेबलावर मांड आणि पाटी लाव: घेणाऱ्याने पुस्तक आधी घरी नेऊन वाचावं, मग ग्रंथालयाला भेट द्यावं, शिक्क्याखाली त्याचं नाव लिहिलं जाईल. आपलं नाव कुठेतरी असावं ही मुलांना केवढी हौस असते, ते तुमच्या बाकांवर बघ.

जेवत जा. माझा लोभ शिक्क्यासारखाच आहे, पुसला जायचा नाही.
तुझी आत्या

ता. १५ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मोठ्या बाईंना सांगितलं. चष्मा पुसत त्या एवढंच म्हणाल्या, की प्रदर्शनाच्या दिवशी बघू.

त्या दिवशी पहिला तासभर शिक्क्याच्या टेबलाकडे कुणी फिरकेना. एका वडिलांनी पुस्तक उघडलं, शिक्का पाहिला आणि हळूच ठेवून दिलं. मला कपाटामागे लपावंसं वाटलं. मग पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, की मी शाळा सोडून गेले तरी माझं नाव राहील का. पुस्तक टिकेल तोवर राहील, असं मी म्हणाले. तिने घेतलं, तिच्या मैत्रिणींनी घेतलं आणि पाहता पाहता रांग लागली. एकाने तर कोऱ्या पुस्तकावरही शिक्का मारून मागितला. दुकानदार म्हणाला, की पुढच्या वर्षी ठकूबाईंना शिक्क्यासकट दुकानातच बसवतो. मोठ्या बाईंनी स्वतः एक घेतलं आणि पुढच्या प्रदर्शनाची तारीख तिथेच विचारली.

एकोणसाठ गेली. वाळवी आणि कसर यांच्यावरचं एक जाडजूड पुस्तक मात्र कुणी हातात धरेना. ते मी घेतलं, शिक्क्याखाली तुझं पूर्ण नाव लिहिलं आणि कपाटात लावलं. तुला विचारलं नाही.

आशीर्वाद असू दे, बोलणी पुढच्या भेटीत खाईन.
तुझी ठकू

ता. १९ डिसेंबर

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वाळवीच्या पंगतीला बसवलंस मला. वर विचारलंही नाहीस.

ठकू, तीस वर्षं मी हजारो पुस्तकांवर शाळेचं नाव उमटवलं. माझं नाव एकाही पुस्तकावर नव्हतं, आणि ते असावं असं मला वाटत होतं, हे तुझं पत्र येईपर्यंत मलाच ठाऊक नव्हतं. पत्र वाचून रडले. सांगायला लाज कसली.

पण तुझी चूक झालीच. पाटीवरच्या नियमाप्रमाणे ते पुस्तक आधी माझ्या घरी यायला हवं होतं. ताबडतोब पाठव. मी सावकाश वाचणार आहे, तेव्हा परत कधी करते असं विचारायचं नाही.

लोभ आहेच, त्यात भरच घाल.
तुझी आत्या