टाक्यांसाठी हललेलं बिऱ्हाड

आदरणीय थोरल्या मुंखजिनताईस,

धाकट्या नोमूनचा, वाकता येतं तेवढं वाकून, नमस्कार. तुमची जनावरं धष्टपुष्ट आहेत ना, असं विचारायची रीत आहे. पण तुझ्याकडे शहरात शिवणयंत्राखेरीज काही नाही, तर ते तरी धडधाकट आहे ना? भावजींचा खोकला गेला का? इकडे मेंढ्या बऱ्या आहेत, तुझी भाची अडीच महिन्यांची झाली, आणि मी हे पत्र पालथी पडून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. (शाळेतही असंच होतं, पण तेव्हा सांगायला कारण नव्हतं.)

एका जागी बसणं मला कधी जमलं नाही, तुला माहीतच आहे. आठवीतून पळाले, ट्रकच्या थांब्यावर मांस भरलेले खुशूर तळले, एका हॉटेलात सहा महिने चादरी बदलल्या (तिथल्या मालकाला एक लाकडी पाय होता, त्याची गोष्ट वेगळी, परत कधीतरी), आणि तुगुल्दुरशी लग्न केलं तेसुद्धा त्याचं नमद्याच्या तंबूचं घर वर्षातून चारदा उठून चालू लागतं म्हणून. आता बघ. बाळंतपणात खाली फाटलं, टाके पडले, टाके विरघळून गेले आणि दुखणं तेवढं राहिलं. एका जागी काय, कुठल्याच जागी बसता येत नाही. घोड्याचं नावच नको; दूध काढायच्या स्टुलाकडे पाहिलं तरी डोळ्यांत पाणी येतं.

तालुक्याच्या दवाखान्यात झाया नावाची फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याच वयाची, पण बोलते आजीसारखी. तिनं तपासून सांगितलं, दहा वेळा ये, मध्ये खंड नको, मग घोड्यावर बसशील. नाहीतर हे दुखणं मुरेल आणि जन्मभर सोबत करील. उपाय सोपा वाटतो. गरम दिव्याखाली पडायचं, मग ती हातमोजा घालून टाक्यांची जागा हळूहळू दाबून सैल करते, मग आतले स्नायू आवळायचे आणि सोडायचे. आवळणं मला येतं. सोडणं येत नाही. ती म्हणते, "सोड गं, सोड. कुणी चोरून नेत नाही." पलीकडच्या पडद्याआड खांदा निखळलेला एक म्हातारा पैलवान पडलेला असतो, "श्वास आत, आवळा, आता सोडा," असं ती म्हणाली की तोही इमानेइतबारे करतो. परवा पडद्यामागून म्हणाला, "पोरी, खांद्याचं ठाऊक नाही, पण मला झोप छान लागते."

पण खरं दुखणं रस्त्याचं. आमच्या तळापासून तालुका अठ्ठेचाळीस किलोमीटर, आणि रस्ता म्हणजे आधीच्या गाडीनं जिथून जायचा प्रयत्न केला ती जागा. गोम्बोकाकांच्या जुन्या रशियन गाडीत मी मागे तोंड करून, सीटची पाठ धरून, गुडघ्यांवर उभी. सासूबाई बाळाला घेऊन शेजारी. काका आरशातून बघून म्हणायचे, "सूनबाई, खाली बस की. माझी गाडी म्हणजे मठ आहे का?" आणि लगेच खड्डा. जाताना रडत जायचं, तासभर उपचार, अंग हलकं; येताना निम्म्या वाटेत सगळं परत जागच्या जागी. चार खेपा अशाच गेल्या. पाचव्या खेपेला झायानं हात टेकले. म्हणाली, "मी तासात जेवढं सैल करते, तेवढं हा गोम्बो तीन तासांत आवळून परत पाठवतो. जवळ येऊन राहा, नाहीतर येऊ नका."

सासूबाई (दुलमसुरेन नाव, पण गावात सगळे नुसतं 'त्या' म्हणतात) वाटभर बाळाला थोपटत होत्या. घरी आल्या, चहाच्या तीन वाट्या प्यायल्या आणि मुलाला म्हणाल्या, "लहान घराचं छप्पर उतरव."

"आई, आत्ता? तालुक्याजवळ गवत नाही."

"तू खातोस का गवत?"

"मेंढ्या खातात."

"मग मेंढ्या घेऊन तू इथंच थांब. दवाखाना हलत नाही म्हणतात. बरं. आपलं घर कधीपासून हलेनासं झालं?"

दोन दिवसांत नमदा, खांब, चूल, पाच शेळ्या आणि आम्ही तिघी दवाखान्यापासून तीनशे पावलांवर. लोक विचारतात, ऐन शरदात, पुरुषाशिवाय, या बोडक्या माळावर कशाला आलात? सासूबाई सांगतात, "हवा बदलायला." हवा म्हणजे दवाखान्याच्या बॉयलरचा धूर. कुत्री परकी, पाणी लांब, बाळ कालपासून किरकिरतंय, आणि मी इतकी थकले आहे की हिंडावंसंसुद्धा वाटत नाही. सासूबाईंना हे ऐकवलं तर म्हणतात, "चांगलं झालं, एकदाची टेकलीस." मला टेकताच येत नाही, हे त्या विसरतात. मात्र खोटं का बोलू, सहा खेपा झाल्या, आता एक वाटी चहा संपेपर्यंत बसता येतं. (चहा गरम असला तर जास्त वेळ.) चार खेपा उरल्यात. तू काळजी करू नकोस, येऊ तर मुळीच नकोस, एवढा लांबचा रस्ता.

तुझी,
नोमून

ता. क. — येणारच असलीस तर मधे भोक असलेली गोल उशी शिवून आण. कापड गडद रंगाचं घे.

ता. क. दुसरा — उश्या दोन आण. काल सासूबाई माझा गुडघा धरायला आत आल्या होत्या. झायाला विचारायला लागल्या, टाके जुने असले तर काही होतं का? किती जुने? एकतीस वर्षांचे. एका मैत्रिणीचे. (तुगुल्दुर एकतीस वर्षांचा आहे.) ती मैत्रीण म्हणे अजून घोड्यावरून उतरली की खोगीर सोडण्याच्या निमित्तानं थोडा वेळ तशीच उभी राहते. झायानं वर न बघता वहीत लिहिलं आणि म्हणाली, "मैत्रिणीला गुरुवारी पाठवा, सूनबाईंच्याच वेळेला. खाटा दोन आहेत." पैलवानाला बुधवारी ढकललंय.

तर ताई, तुला यावंच लागेल. गुरुवारी आम्ही दोघी दिव्याखाली असणार आणि बाळाला घ्यायला कुणी नाही. कुणी विचारलं तर तू हवा बदलायला आलीस. सासूबाईंना काही विचारू नकोस. फार तर, मैत्रीण आता कशी आहे, एवढं विचार, त्या सांगतील.