धर्मशिक्षणाची सूत्रे माझ्या हाती

४ जून, रविवार
आमच्या मिशनच्या चर्चला स्वतःचे फादर नाहीत. मोठ्या पॅरिशच्या चर्चचे फादर पंधरवड्यातून एकदा येतात. आज मिस्सेची उपासना संपल्यावर त्यांनी विचारलं, शिकवणाऱ्या सिस्टरांची बदली झालीय, मुलांचं धर्मशिक्षण कोण बघणार? सगळे आपापल्या चपला शोधू लागले. मी उभा राहिलो. बायकोचं म्हणणं, मी पंखा बंद करायला उठलो होतो. असेल. पण पंखा बंद करायलाही नेतृत्व लागतं.

नोव्हेंबरात बिशप येणार, मोठ्या मुलांच्या कपाळाला पवित्र तेल लावून त्यांची श्रद्धा पक्की करायला, म्हणजे दृढीकरण द्यायला. विमा कंपनीत आयुष्यभर एजंटांना ट्रेनिंग दिलं, ही तर पोरं.

११ जून
पहिला वर्ग. उद्घाटनाचं भाषण केलं. थोडं लांबलं. बरीच मुलं डोळे मिटून ऐकत होती. एका मुलीने विचारलं, कुत्रे स्वर्गात जातात का? सिलॅबसमध्ये नाही, असं सांगून बसवलं. पाया भक्कम पडला.

१८ जून
शिस्तीसाठी वर्ग सकाळी सहाला ठेवला. कोणी आलं नाही. तरी तत्त्व म्हणून रिकाम्या बाकांना पूर्ण धडा शिकवला. झाडूवाल्या मावशींनी मला दोनदा पाय वर घ्यायला लावले.

९ जुलै
फादरांनी वर्ग परत मिस्सेनंतर ठेवायला सांगितला. मीही तेच सुचवणार होतो. सध्या माझ्याकडे प्लॅनिंगचं काम फार, म्हणून प्रत्यक्ष शिकवणं बायकोकडे दिलं. पद सहायक. ती मुलांना गोष्टी सांगते. हसण्याचे आवाज व्हरांड्यापर्यंत येतात. समज दिली. तिने मला खडू आणायला पाठवलं.

१० सप्टेंबर
फादरांनी मुलांची तोंडी परीक्षा घेतली. पोरं धडाधड बोलली. फादरांनी बायकोचं कौतुक केलं. सहायकाचं कौतुक म्हणजे शेवटी प्रमुखाचंच.

८ ऑक्टोबर
दृढीकरणात प्रत्येक मुलामागे एक धर्मपालक उभा राहतो, खांद्यावर हात ठेवून. बेकरीवाल्याच्या मुलासाठी मी स्वतःचं नाव सुचवलं. बेकरीवाला विचार करतो म्हणाला. भारावला असावा. फादरांनी सहज विचारलं, धर्मपालकाचं स्वतःचं झालेलं लागतं, तुमचं दृढीकरण कुठे झालं? मी म्हटलं, अर्थात झालंय. तेवढ्यात माझी म्हातारी आत्या मागून म्हणाली, कुठलं झालंय, त्या दिवशी तुला गालगुंड झालं होतं, तोंड भोपळ्याएवढं. तुझा थोरला भाऊ एकटाच गेला, आणि नंतर सगळे विसरले.

वय झालं की माणसं नको ते लक्षात ठेवतात.

फादर बराच वेळ घसा खाकरत राहिले. मग म्हणाले, हरकत नाही, मुलांबरोबर तुम्हीही घ्या. अर्थात वर्ग करावा लागेल.

१५ ऑक्टोबर
वर्गाला बसलो. निरीक्षक म्हणून बसायचा विचार होता, पण बायकोने पहिल्या बाकावर बसवलं. गुडघे बाकाखाली मावत नाहीत. पवित्र आत्म्याची सात दानं विचारली. मी तीन सांगितली. त्यातलं एक वक्तशीरपणा. बेकरीवाल्याचा मुलगा हसला. त्याला बायको रागावली नाही, हे नोंदवून ठेवतो.

१२ नोव्हेंबर
सातही दानं पाठ झाली. घरी बायको भाजी चिरताना विचारते, मी कपडे वाळत घालताना सांगतो. काल एकही चुकलं नाही तेव्हा ती बरं म्हणाली. ऑफिसच्या निरोप समारंभातही एवढं बरं वाटलं नव्हतं. कारण कळलं नाही. हवा बदलली असावी.

१९ नोव्हेंबर, रविवार
दृढीकरण. भाषण तयार होतं, कोणी मागितलं नाही. मुलांच्या रांगेत शेवटी मी, मागे धर्मपालक म्हणून आत्या. बिशप तेलाचं भांडं घेऊन समोर आले, माझ्याकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, मूल कुठाय? आत्या म्हणाली, हेच, जरा उशीर झाला.

कपाळावर तेल लागलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तेल डोळ्यांत गेलं असणार.

नंतर ग्रुप फोटो. फादरांनी जाहीर केलं, पुढच्या वर्षीपासून धर्मशिक्षण प्रमुख बायको. ती बिशपांशेजारी खुर्चीवर. फोटोवाल्याने मला पुढे सतरंजीवर बसवलं, मुलांच्या ओळीत, आणि हाताची घडी घालायला सांगितली. घातली.