क्वाशिबाची नेली

जमैका, ऑगस्ट १८३८

प्रिय मारेदताई,

सातासमुद्रापलीकडून धाकट्या इवानचा नमस्कार. ताप उतरलाय, जेवण जातंय, आईला एवढंच सांग. तिचा खोकला कसा आहे?

एक तारखेला इथले सगळे गुलाम मोकळे झाले. सकाळीच रस्ते माणसांनी भरले. मला वाटलं, दंगा होणार. पण जो तो विकली गेलेली आपली माणसं शोधायला निघाला होता.

आपल्या मळ्यावरची स्वयंपाकीण क्वाशिबाही गाठोडं घेऊन निघाली. मी म्हटलं, "रहा ना, आता पगार देईन."

"आम्ही सुटलो म्हणून सरकारनं तुमच्या वडिलांना, वकीलसाहेबांना, भरपाई दिली. आम्हाला नुसता रस्ता मिळालाय, तो तरी चालू द्या. माझी नेली शोधायचीय. पाच वर्षांची होती, तेव्हा मळा तुमच्या आईच्या वडिलांचा होता, त्यांनी विकली."

ताई, बाबा हे कधी बोलले होते तुझ्यापाशी?

काल ती परत आली. पाय सुजलेले, आणि शेजारी तिच्याहून उंच बाई, कडेवर मूल.

"ही नेली," ती म्हणाली.

"ओळखलीस कशी?"

"मी कुठली ओळखतेय! डोंगरापलीकडच्या बाजारात रताळ्यांचा भाव विचारत होते. माझा आवाज ऐकून हीच वळली."

मी आत या म्हटलं, तर नेलीनं मान हलवली. दोघी फाटकाबाहेरच पाणी प्यायल्या आणि गेल्या.

बाबांना हे पत्र वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

मुलांना पापा.

तुझा,
इवान